फाटलंय म्हणजे शिवलंच पाहिजे का?

प्रश्न: डॉक्टर, माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे, सुतारकाम करतो. पाच दिवसांपूर्वी शिडीवरून पडला आणि उजवं कोपर निखळलं. त्याच दिवशी भूल देऊन ते बसवलं आणि स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातला. सीटी स्कॅनमध्ये दोन ठिकाणी मोड निघाली. रेडिअल हेडचे तीन तुकडे झालेत आणि कोरोनॉइडचं छोटं टोक उडालंय. पहिले सर्जन म्हणाले, "हाडं बसवू, बाहेरचं लिगामेंट शिवू, आतल्याचं टेबलावर बघू." दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला. त्यात दोन्ही लिगामेंट पूर्ण फाटल्याचं लिहिलंय, आणि त्यांच्या मते दोन्ही शिवायलाच हवीत. आमच्या मावशीचंही कोपर एकदा निखळलं होतं. तिला ऑपरेशन लागलंच नाही, झोळीत हात ठेवून बरी झाली, आज सगळी कामं करते. मग कुणाचं खरं धरायचं? आणि "टेबलावर बघू" म्हणजे काय? यांना आधी ठरवता येत नाही का? उजवा हात आहे हो त्याचा, सगळं पोट त्याच हातावर आहे.

उत्तर:

ताई,

"टेबलावर बघू" हे उत्तर तुम्हाला टाळाटाळीचं वाटलं. मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात जाणतं वाक्य तेच आहे. का ते सांगते, पण आधी मावशींची गोष्ट बाजूला काढू, कारण घरोघरी गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मावशींचं कोपर निखळलं, पण हाड मोडलं नसणार. अशा साध्या निखळण्यातही लिगामेंट फाटतात, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंची. सांधा जागा सोडून बाहेर गेला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या, असं होत नाही. मावशींचा एमआरआय त्या वेळी काढला असता, तर तोही बहुधा भावाच्या रिपोर्टासारखाच घाबरवणारा निघाला असता. तरी त्यांना टाके लागले नाहीत. १९८७ साली स्वीडनमध्ये असेच ३० रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडून अभ्यास झाला. एका गटाची लिगामेंट उघडून शिवली, दुसऱ्याची तशीच ठेवली. शिवलेल्यांची कोपरं पुढे काही जास्त चांगली चालली नाहीत. म्हणून साध्या निखळण्यात आम्ही सहसा सुरीला हात लावत नाही. सांधा बसवायचा, थोडे दिवस आधार द्यायचा आणि लवकर हलवायला लावायचं.

हे जमतं, कारण हाडं शाबूत असतात. कोपराची हाडं एकमेकांत फार नेटकी बसतात. एकदा जागेवर आली की भोवतालचे स्नायू त्यांना आवळून धरतात, फाटलेल्या लिगामेंटची टोकं एकमेकांजवळ पडून राहतात आणि आपसूक जुळतात. तुमच्या भावाच्या कोपरात नेमकी हीच सोय गेली आहे.

तो सुतार आहे, त्याला हे तुमच्याआधी कळेल. कोपर म्हणजे बिजागरी. टेबलावर हात टेकला की कोपराचं जे टोक लागतं, ते अल्ना नावाच्या हाडाचं. या हाडाचं वरचं तोंड पान्याच्या जबड्यासारखं असतं, आणि दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेली चक्री ते मागून-पुढून पकडतं. जबड्याचा पुढचा ओठ म्हणजे कोरोनॉइड. तो आहे म्हणून हात मागे घसरत नाही. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं वरचं डोकं, म्हणजे रेडिअल हेड, बाहेरच्या अंगाने दंडाच्या हाडाला टेकू देतं. आणि मग दोन अंगांना दोन पट्ट्या. करंगळीच्या बाजूची आतली पट्टी कोपर आतल्या अंगाने उघडू देत नाही. बाहेरची पट्टी रेडिअल हेडच्या मागून पाळण्याच्या झोळीसारखी जाते आणि पुढचा हात गरकन फिरून मागे सटकणं थांबवते.

भावाच्या दाराचा टेकू तीन तुकड्यांत आहे, जबड्याच्या ओठाचा टवका उडालाय आणि दोन्ही पट्ट्या सुटल्यात. निखळलेलं कोपर, मोडलेलं रेडिअल हेड आणि मोडलेलं कोरोनॉइड या त्रिकुटाला रॉबर्ट हॉचकिस या अमेरिकी सर्जननी १९९६ साली "टेरिबल ट्रायड" असं नाव दिलं. फाइलमध्ये कुठे हे शब्द दिसले तर दचकू नका. तेव्हा अशा कोपरांचे निकाल खरोखर वाईट यायचे, म्हणून ते नाव चिकटलं. आज नाव तेच आहे, निकाल बरेच सुधारलेत.

ते सुधारले याचं मोठं कारण म्हणजे कामाचा क्रम ठरला. कॅनडातल्या सर्जननी २००४ साली अशा ३६ कोपरांचा अनुभव मांडला. त्यांची पद्धत अशी की खोलातून वर या हिशेबाने आधी कोरोनॉइड धरायचं, मग रेडिअल हेड स्क्रूने जोडायचं किंवा बदलून धातूचं बसवायचं, मग बाहेरचं लिगामेंट शिवायचं. एवढं झालं की थांबायचं आणि कोपर हलवून बघायचं. तरीही सांधा सटकत असेल, तरच आतल्या लिगामेंटकडे वळायचं किंवा बाहेरून बिजागरीची चौकट लावायची. ३६ पैकी ३४ कोपरं पुन्हा नीट जागेवर टिकली. आठ जणांना पुढे या ना त्या कारणाने परत टेबलावर यावं लागलं, हेही सांगून ठेवते. हे ऑपरेशन सोपं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

आता "टेबलावर बघू" मध्ये नेमकं काय बघतात ते.

बाहेरच्या अंगाने चीर दिली की लिगामेंट शोधत बसावं लागत नाही. दंडाच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा बहुतेकदा साफ उघडा पडलेला असतो. जिथे लिगामेंट आणि पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंचा उगम घट्ट चिकटलेला असायला हवा, तिथे पांढरं हाड दिसतं आणि सोलून निघालेली पट्टी सालीसारखी खाली लोंबत असते. २००३ सालच्या एका अभ्यासात ऑपरेशन लागलेल्या ६२ कोपरांची हीच बाजू तपासली गेली. बाहेरचं लिगामेंट एकूण एक कोपरात तुटलेलं होतं, आणि निम्म्याहून थोड्या जास्त कोपरांत ते दंडाच्या हाडावरून सोलून निघालं होतं. म्हणून निखळून मोडलेल्या कोपरात बाहेरच्या बाजूबद्दल मला फारसा प्रश्न पडतच नाही. हाडं बसवायला तिथूनच आत जायचं असतं, आणि बाहेर येताना ते शिवूनच यायचं. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं यावर एकमत आहे, हेही लक्षात घ्या. वाद फक्त आतल्या बाजूचा आहे.

शिवणं म्हणजे दोन टोकं धाग्याने गाठ मारणं नव्हे. हाडात छोटा अँकर (धागा अडकवायची बारीक आकडी) बसवतात किंवा बारीक भोकं पाडून त्यातून धागा ओवतात, आणि पट्टी जिथून सुटली नेमक्या त्या ठिकाणी परत ओढून घेतात. ते ठिकाण म्हणजे बिजागरीच्या खिळ्याची जागा. खिळा थोडा जरी वर-खाली बसला तर दार अर्ध्यात अडतं किंवा सैल पडतं. भावाला विचारा, तो दुजोरा देईल.

मग परीक्षा. दंडाखाली चादरीची घडी ठेवून हात सरळ करायचा, तळहात छताकडे, आणि पुढचा हात स्वतःच्या वजनाने लटकू द्यायचा. या स्थितीत कोपर सगळ्यात हळवं असतं. बाजूने सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहायचं. चक्री आणि जबडा यांच्यातली फट सगळीकडे सारखी, बारीक, समांतर रेषेसारखी दिसली की छातीवरचा भार उतरतो. ती एका टोकाला रुंदावून चंद्रकोरीसारखी झाली तर सांधा खाली ओघळतोय. मग कोपर वाकवत-सरळ करत तो नेमका किती अंशाला सुटतो ते पाहायचं. साधारण ३० अंशांपासून (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य) पूर्ण वाकवेपर्यंत तो जागेवर राहत असेल, तर आतलं लिगामेंट फाटलेलं असूनही मी त्याला हात लावत नाही. ते मावशींच्या लिगामेंटसारखंच आपलं आपण भरून येतं, कारण आता त्याला धरून ठेवायला हाडं आहेत आणि बाहेरची पट्टी आहे.

ही परीक्षा आदल्या दिवशी घेता येत नाही. तेव्हा टेकू मोडलेला असतो, स्नायू दुखण्याने ताठरलेले असतात, आणि कोपर सटकलं तरी ते कशामुळे सटकलं हे कळायला मार्ग नसतो. चौकटच तिरकी असताना बिजागरी सैल आहे का, हे कसं सांगणार?

एमआरआयबद्दल तुमच्या मनात आलंच असेल. एमआरआय खोटं बोलत नाही, त्याला प्रश्नच वेगळा विचारला गेलाय. "फाटलंय का?" याचं उत्तर तो चोख देतो. आपल्याला हवंय ते "सांधा टिकेल का?" याचं उत्तर, आणि स्थिर पडलेल्या हाताच्या चित्रात ते सापडत नाही. ताज्या, मोडून निखळलेल्या कोपरात मी एमआरआय क्वचितच मागते. सीटी मात्र सोडत नाही, कारण कोरोनॉइडचा तुकडा केवढा आणि कोणत्या कोपऱ्याचा, हे साध्या एक्सरेत हमखास फसवतं. जुनाट दुखणं, वारंवार सटकणारं कोपर, खेळाडूंची कोपरं, इथे एमआरआयचं मोल वेगळं.

मग सरसकट दोन्ही शिवून टाकायला काय हरकत आहे, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या डॉक्टरांचा विचार असाच असावा, आणि ते काही अघोरी सांगत नाहीत. काही सर्जन दोन्ही बाजू नेमाने शिवतात. मला ते नको वाटतं, कारण आतल्या बाजूला जायचं तर बहुधा दुसरी चीर लागते, आणि तिथून अल्नर नस जाते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. तिला बाजूला धरून काम करावं लागतं, आणि ती रुसली तर महिनोन्‌महिने करंगळी बधिर राहते. शिवाय कोपरासारखा चटकन आखडणारा सांधा नाही. जितकं जास्त उघडाल तितका व्रण, आणि व्रण म्हणजे आखडणं. भावाच्या कोपराला गरज असेल तर हे सगळं पत्करायचं. गरज आहे का, ते दहा मिनिटांच्या परीक्षेत कळणार असेल तर आधीच का पत्करायचं?

काही कोपरांत मात्र आतली बाजू शिवल्याशिवाय मी टेबलावरून उठत नाही. कोरोनॉइडचा चुरा झालाय आणि तो धरताच येत नाही. किंवा सगळं नीट बसवूनही तळहात छताकडे केला की चंद्रकोर परत दिसते. किंवा आतल्या बाजूने स्नायूंचा उगमही उखडून आलाय आणि कातडीखाली पोकळी हाताला लागते. अशा वेळी ती चीर द्यायलाच हवी.

उलट चूकही होते, आणि ती माझ्याकडून झाली आहे. नवखी होते. एका मध्यमवयीन बाईंचं कोपर, जवळपास भावासारखीच मोड. रेडिअल हेड फार सुरेख बसलं, तीन स्क्रू, एक्सरे फ्रेम करून लावावा असा. त्या कौतुकात बाहेरचं लिगामेंट मी हाडाला न बांधता नुसते वरचे थर जुळवून बंद केलं, आणि लटकवून पाहिलंच नाही. दहाव्या दिवशीच्या एक्सरेत ते सुरेख रेडिअल हेड आपल्या जागेच्या मागे गेलेलं होतं. बाईंनी विचारलं, "हाड जुळलं नाही का?" हाड अगदी छान जुळत होतं. दुसरं ऑपरेशन झालं, कोपर टिकलं, पण शेवटचे वीस-पंचवीस अंश त्यांना कधीच सरळ करता आले नाहीत. त्यानंतर हात लटकवून बघितल्याशिवाय मी टाके घालायला घेतलेले नाहीत.

रेडिअल हेडचे तीन तुकडे आहेत म्हणता. तीनपर्यंत तुकडे असले तर स्क्रूने जोडणं जमण्यासारखं असतं. त्याहून जास्त असले की जोडकाम टिकत नाही असा अनुभव आहे, आणि मग धातूचं हेड बसवणं बरं. सीटीत तीन दिसलेले तुकडे उघडल्यावर पाच निघू शकतात, तेव्हा सर्जन धातूचं हेड तयार ठेवणार आहेत का, ते विचारा. तुकडे काढून टाकले आणि जागा रिकामी सोडली, हे मात्र अशा कोपरात नको. लिगामेंट फाटलेल्या कोपराला टेकूही नसेल तर लिगामेंटवर कितीही टाके घाला, काही उपयोग नाही. एक गोष्ट आजच करा. त्याचं मनगट आणि पुढच्या हाताचा मधला भाग दाबून बघा. कधी कधी रेडिअल हेड मोडताना दोन हाडांमधला पडदाही मनगटापर्यंत फाटत जातो. एसेक्स-लोप्रेस्टी या सर्जननी १९५१ साली ही दुखापत मांडली, आणि आजही कोपराच्या गडबडीत ती निसटते. मनगट दुखत असेल तर सर्जनना ऑपरेशनच्या आधी सांगा.

कोरोनॉइडचा टवका खरंच छोटा असेल तर काही सर्जन त्याला सोडून देतात, आणि बाकीचं सगळं करून सांधा टिकतोय ना, एवढंच पाहतात. हे चालतं. फक्त तो तुकडा टोकाचा आहे की आतल्या-पुढच्या कोपऱ्याचा, एवढं विचारून घ्या. त्या कोपऱ्याची मोड दिसायला किरकोळ असते, सांधा निखळल्यासारखा दिसतही नाही, आणि तिच्या जोडीला बाहेरचं लिगामेंट तुटलेलं असतं. जबडा एका अंगाला कलंडून चक्रीवर घासत राहतो आणि पाहता पाहता सांध्याची झीज सुरू होते. मला सगळ्यात धास्ती वाटते ती याच मोडीची, कारण ती "छोटा तुकडा आहे, स्लॅब घाला" या सदरात जाऊन बसते.

लिगामेंट आधी कोणत्या बाजूचं फाटतं यावर आमच्यात जुना वाद आहे, तो जाता जाता सांगते. शॉन ओड्रिस्कॉल यांनी १९९२ साली मांडलं की फाटणं बाहेरून सुरू होतं आणि गोल फिरत आत पोचतं, आतली पट्टी सगळ्यात शेवटी जाते. आम्ही सगळे तेच शिकलो. मग २०१३ साली काही सर्जननी इंटरनेटवर लोकांनी टाकलेले कोपर निखळतानाचे व्हिडिओ गोळा करून पाहिले, तर बऱ्याच जणांचं कोपर पडताना आतल्या अंगाने उघडताना दिसलं. वाद अजून मिटलेला नाही. टेबलावर मात्र त्याने फारसा फरक पडत नाही. कोण आधी गेलं यापेक्षा आता कोण सांधा सोडतंय, एवढंच तिथे बघायचं असतं.

हा सगळा हिशेब मोठ्यांच्या, निखळलेल्या आणि मोडलेल्या कोपरापुरता आहे. कोपराच्या मागच्या टोकाची साधी आडवी मोड असेल तर तार किंवा प्लेट पुरते, लिगामेंटचा विषय सहसा निघत नाही. न सरकलेली रेडिअल हेडची चीर तर झोळीवर बरी होते. लहान मुलांत लिगामेंटपेक्षा हाडाची वाढ होणारी जागा नाजूक असते, त्यामुळे लिगामेंट शाबूत राहतं आणि आपल्याबरोबर आतल्या उंचवट्याचा तुकडाच उपटून आणतं. कधी तो तुकडा सांध्यात जाऊन अडकतो. तिथे हाडाचा तुकडा परत जागेवर बसवला की लिगामेंट आपोआप ताणलं जातं, वेगळे टाके लागत नाहीत.

आता तुमच्या हातातलं. पाच दिवस झालेत, उशीर झालेला नाही. सांधा बसवलेला आहे, जखम उघडी नाही, बोटं हलतात, गरम आहेत, तर रात्रीत काही घडायला हवं असं नाही. पण मतं गोळा करण्यात पंधरवड्याच्या पुढे जाऊ नका. तोवर फाटलेली पट्टी ओढून जागेवर येते. दीड-दोन महिन्यांनी ती आखडून, व्रणात मिसळून गेलेली असते, आणि मग शिवण्याऐवजी दुसरीकडची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन नवी पट्टी तयार करावी लागते. ते मोठं काम आहे आणि निकालही तितके खात्रीचे नाहीत.

पहिल्या सर्जनना परत भेटाल तेव्हा "लिगामेंट शिवणार का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. "सगळं बसवल्यावर कोपर किती अंशाला सुटलं तर तुम्ही आतल्या बाजूला जाल?" असं विचारा. ज्यांनी ही कोपरं केली आहेत ते यावर चटकन आकडा सांगतील आणि बहुधा हाताने करूनही दाखवतील. आणि त्याआधी करंगळी नि तिच्या शेजारच्या बोटाला बधिरपणा आहे का, हे भावाला विचारून ठेवा आणि कागदावर लिहायला सांगा. ऑपरेशननंतर बधिरपणा आला तर तो आधीचा की नवा, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

ऑपरेशननंतर घरात एक भांडण होणार आहे, तेही सांगून ठेवते. कुणीतरी म्हणेल हात महिनाभर बांधून ठेवा, लिगामेंट जुळू द्या. आणि कुणीतरी म्हणेल तेल लावून चोळून सरळ करा. दोन्ही ऐकू नका. तीन आठवड्यांच्या वर बांधून ठेवलेलं कोपर आखडतं, म्हणून शिवणच अशी घट्ट करतात की थोड्याच दिवसांत हात हलवता यावा. आणि जोर लावून ताणलं, चोळलं तर कोपराभोवतीच्या मांसात नवं हाड धरायची भीती असते. हालचाल त्याची त्यानेच करायची. उताणं झोपून दंड छताकडे उभा धरायचा आणि कोपर वाकवायचं-सरळ करायचं. या स्थितीत पुढच्या हाताचं वजनच सांधा जागेवर दाबून धरतं. हलवताना तळहात कुठे ठेवायचा, हे कोणती बाजू शिवली आणि आतली पट्टी किती टिकलीय यावर ठरतं, ते सर्जन सांगतील तसंच करायला लावा. सुरुवातीचे काही आठवडे शेवटचे ३० अंश सरळ करायची मनाई असेल, ती पाळायला लावा. आणि हात खांद्यातून बाजूला उचलून वस्तू घेणं, खुर्चीच्या दांडीवरून पुढचा हात लोंबकळत ठेवणं, हे दीड महिना तरी नको. या एवढ्याशा गोष्टीत बाहेरच्या टाक्यांवर जो ताण येतो, तो व्यायामातही येत नाही.

किती परत येईल? रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात, असं १९८१ साली मोजून ठेवलंय. कॅनडातल्या त्या ३६ जणांना सरासरी ११२ अंशांची हालचाल मिळाली. म्हणजे हात तोंडापर्यंत जाईल, पटाशी धरता येईल, पण पूर्ण सरळ होताना दहा-पंधरा अंश कमी पडले तर त्याला अपयश समजू नका. हलकं काम तीन महिन्यांच्या आसपास, आणि रंधा, हातोडा, जड फळ्या उचलणं चार ते सहा महिन्यांनी. मधल्या काळात तो डाव्या हाताने काहीतरी करायला जाईलच. मोजमापं घेऊ दे, शिडी मात्र लपवून ठेवा.

पहिल्या आठवड्याच्या एक्सरेला त्याच्याबरोबर स्वतः जा. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये चक्री आणि जबडा यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे का, एवढंच सर्जनना दाखवायला सांगा. पहिल्या काही दिवसांत स्नायू ढिले असल्याने ती किंचित रुंद दिसू शकते आणि हलवायला लागल्यावर मिटते. पुढच्या फिल्ममध्ये ती वाढलेली दिसली तर वाट बघू नका.

एमआरआयची फिल्म पहिल्या सर्जननाही दाखवा, लपवू नका, त्यांना वाईट वाटणार नाही. आणि संमतिपत्रावर सही करताना "गरज पडल्यास आतल्या लिगामेंटची दुरुस्ती" आणि "रेडिअल हेड बदलणे" या दोन्ही ओळी लिहिलेल्या आहेत का ते बघा. नसतील तर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, भावाला भूल द्यायच्या आधी.